त्रेसष्ट सह्यांचं एक पत्र

मला मेलं दुसऱ्याने लिहिलेलं कधी धड वाटतच नाही. एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली. तेवढ्यात मुख्याध्यापक सात बदलले, आणि सातही जणांची पत्रं मी लाल पेन्सिलीने सोलून काढली. नोरीन हॅलोरनच्या टेबलावरून गेलेला कागद परत येत नाही, असं लोक म्हणायचे. मला त्याचा माज होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला माझी कीव यायला नको.

आमची गल्ली मरूना स्टेशनपासून चालत सहा मिनिटांवर. मी लग्न होऊन आले तेव्हा स्टेशनच्या अलीकडे कोबीची शेतं होती आणि पलीकडे कोंबड्यांच्या शेड. सिडनी म्हणजे लांबचं गाव वाटायचं. आता स्टेशनभोवती काचेच्या इमारती अशा उठल्यात की गाडीतून उतरलं तर आभाळ कुठे गेलं ते शोधावं लागतं. तरी आमच्या गल्लीला कुणी हात लावला नव्हता. मागच्या कुंपणापलीकडे टायरचं दुकान होतं, बुटकं, पत्र्याचं. ते बंद पडलं आणि मार्चमधल्या एका मंगळवारी त्याच्या जाळीवर पिवळा कागद लागला. चौतीस मजले. दोनशे अठ्ठ्याऐंशी फ्लॅट. हरकती असल्यास एकवीस दिवसांत लेखी कळवाव्यात.

मी कागद वाचला तो तिथेच उभी राहून, दुधाची पिशवी हातात धरून. चौतीस हा आकडा वाचला आणि डोकंच फिरलं. तळाशी बारीक अक्षरांत आणखी काहीबाही छापलं होतं. ते मी वाचलं नाही. मला पत्र कसं लिहायचं हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

घरी आले तर साल्वू मिकालेफ कुंपणापाशी उभाच. साल्वू म्हणजे माझा शेजारी. माल्टाहून बोटीने आलेला, जन्मभर भाजी पिकवून बाजारात नेलेला माणूस. आमच्या दोन घरांमधलं कुंपण कमरेएवढं. चाळीस वर्षं आमचं सगळं बोलणं त्याच्यावरूनच. मी त्याला साल्वू म्हणते, तो मला मिसेस. नोरीन म्हणा हो, असं मी शंभरदा सांगितलं असेल. "बरं मिसेस," असं म्हणायचा.

"वाचलंत, मिसेस?"

"वाचलं. हे लोक काय डोक्यावर पडलेत? चौतीस मजले!"

"उत्तरेला आहे ते," साल्वू म्हणाला. तो एवढंच म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलं, तिकडे जूझा बसली होती.

इथे ऑस्ट्रेलियात ऊन उत्तरेकडून येतं. जून-जुलैच्या हिवाळ्यात तर सूर्य खालूनच फिरतो, टायरच्या दुकानाच्या पत्र्यावरून सरळ आमच्या मागच्या अंगणात. जूझा, साल्वूची बायको, त्या उन्हात बसायची. तीन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून तिची वाचा गेली आणि दोन्ही हात मुठी वळून घट्ट बसले. नखं तळव्यात रुतायची. नर्सबाईने सांगितलं होतं, रोज मुठी उघडून तळवे धुतलेच पाहिजेत, नाहीतर आत जखमा होतील, त्या चिघळतील. पण उघडणार कशा? जोर केला की बाई गुरासारखी ओरडायची. कोमट पाणी करून पाहिलं. हीटर लावून पाहिला, तर त्याच्या लाल तारा बघूनच ती थरथरायला लागली. शेवटी साल्वूच्याच लक्षात आलं. अंगणात खुर्चीवर बसवलं, ऊन पायांवरून चढत चढत हातांवर आलं आणि तिथे थोडा वेळ टिकलं, की बोटं आपोआप सैल होतात. मग हा वाडगं घेऊन खाली बसायचा आणि एकेक बोट धुवायचा. मी माझ्या स्वयंपाकघरातून रोज बघायचे. माझा नवरा जिवंत असताना त्याने मला चहासुद्धा कधी करून दिला नाही, म्हणून असेल, पण मी बघत राहायचे.

तर असं. इमारत झाली की ते ऊन जाणार, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

"तुम्ही काळजी करू नका," मी म्हटलं. "मी असं पत्र लिहिते की त्यांची पाचावर धारण बसली पाहिजे. सगळ्या गल्लीच्या सह्या घेऊ."

"मीपण लिहू का?"

"तुम्ही सही करा. बाकी माझ्यावर सोडा."

पत्र लिहायला मला चार दिवस लागले. काय पत्र होतं! मरूना गावाचा इतिहास, जुन्या विटांच्या घरांची शान, रस्त्यांवरची गर्दी, सांडपाण्याची व्यवस्था, भावी पिढ्या. दोन पानं. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही. लायब्ररीत जाऊन सत्तर प्रती काढल्या, पाटीला चिमटा लावला आणि दारोदार फिरले. गुडघा सुजला तरी फिरले. लोक म्हणायचे, आम्ही आमच्या भाषेत दोन ओळी लिहू का? मी म्हणायचे, कशाला? सगळं आलंय यात, खाली नाव घाला फक्त. तो फिलिपिनो मुलगा, कोपऱ्यावरच्या घरातला, त्याने तर लिहायला सुरुवातही केली होती. मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि सहीची जागा दाखवली.

ग्लेनिस पोप तेवढी अडली. ग्लेनिस समोर राहते. कचऱ्याच्या डब्यांवरून आमचं अकरा वर्षांचं भांडण आहे.

"तुझ्या पत्रावर मी सही करणार नाही," ती दारातूनच म्हणाली. "माझं मी लिहीन."

"काय लिहिणार आहेस? पार्किंग?"

"हो, पार्किंग! मला पार्किंगचीच पडलीय. तुझ्या भावी पिढ्या तुला लखलाभ. आणि काय गं, सगळ्यांनी एकच वाचून दाखवायचं, ही काय शाळेतली प्रार्थना आहे?"

"अगं, एकजूट दिसते त्याने!"

"तुझं अक्षर दिसतं त्याने," असं म्हणून तिने दार लावलं. मी बाहेर उभी राहून तिला काय काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

बासष्ट सह्या झाल्या. त्रेसष्टावा साल्वू व्हायला हवा होता, पण मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसून लिहीत होता. वहीचं पान, शिसपेन्सिल. समोर पास्तिझीची बशी. पनीर भरलेल्या त्या खारीसारख्या पुड्या जूझा करायची तशा त्याला कधीच जमल्या नाहीत, तरी रविवारी करायचाच.

"मीपण लिहिलं, मिसेस," तो म्हणाला. लाजला होता. "तुम्ही बघता का जरा?"

मी पान घेतलं. साल्वूने त्यात उन्हाचा हिशेब मांडला होता. मागच्या जूनमध्ये त्याने अंगणात खुंट्या ठोकल्या होत्या, पूर्वी शेतात ठोकायचा तशा, कुठली भाजी कुठे लावायची ते सावलीवरून ठरवायला. रोज बघून त्याने लिहून ठेवलं होतं. ऊन किती वाजता खुर्चीच्या पायाशी येतं, किती वाजता जूझाच्या गुडघ्यावर, किती वाजता हातांवर. किती वाजता हात उघडतात. कधी मिटतात. खाली खुर्चीचं चित्र काढलं होतं, लहान मुलं काढतात तसं, आणि त्यातून तिरप्या रेघा. शेवटी लिहिलं होतं, माझी बायको बोलत नाही म्हणून मी लिहितो आहे.

मी काय केलं माहीत आहे? पर्समधून लाल पेन्सिल काढली. हात सवयीने चालतो. वरच्या ओळीवर काट मारली. बाजूला लिहिलं, खाजगी. खालच्या चार ओळी गोल करून लिहिलं, अनावश्यक. चित्रावर आडवी रेघ. नगरपालिकेच्या कागदावर बायकोचे गुडघे कोण वाचणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटली. माझ्या त्या दोन देखण्या पानांच्या शेजारी हे असलं पान जाणार, याची.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "पण असं सुटं नको पाठवायला. तुम्ही माझ्या प्रतीवर सही करा, हे मी मागे जोडते."

"जोडाल?"

"म्हटलं ना, जोडते."

त्याने माझ्या पत्राखाली सही केली, जपून, जीभ दातांत धरून. म्हणजे त्रेसष्ट झाल्या, आणि पाकिटात त्रेसष्ट प्रती गेल्या. साल्वूचं पान गेलं नाही. ते मी घरी आणून शिवणाच्या डब्यात ठेवलं, रिळांच्या खाली. फेकावंसं वाटलं नाही एवढंच.

साल्वूने सूट इस्त्रीला दिला. सुनावणी होईल, समिती बसेल, तिथे उठून बोलता येतं, असं त्याला चर्चमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. पलीकडच्या उपनगरात एका बाईने असंच समितीपुढे उभं राहून सांगितलं आणि इमारतीचे नऊ मजले कापले गेले होते, ती एका बाजूला सरकवलीही होती. "मी खुंट्याच घेऊन जातो," तो म्हणायचा. "दाखवतोच त्यांना."

ऑगस्टमध्ये पत्र आलं. मंजूर. सुनावणी नाही, काही नाही. मी फोन उचलला आणि नगरपालिकेत जी कुणी पोरगी सापडली तिला फैलावर घेतलं.

"त्रेसष्ट हरकती!" मी म्हटलं. "त्रेसष्ट! आणि तुम्ही सुनावणीसुद्धा लावत नाही?"

"थांबा हं, बाई, बघते," ती म्हणाली. गोड आवाज होता, रागावताही येईना. "नऊ आहेत."

"नऊ काय?"

"हरकती. समिती लोकांसमोर बसायची तर वेगवेगळ्या दहा हरकती लागतात. एकाच मजकुराची पत्रं आम्ही एकच धरतो. तुमची त्रेसष्ट पत्रं सारखीच आहेत, म्हणून ते एक. बाकीची आठ. नोटिशीच्या तळाशी लिहिलेलं असतं बाई ते."

मी खुर्चीत बसले. आठांतली दोन कुणाची ते मला नंतर कळलं. एक ग्लेनिसचं, पार्किंगचं. एक त्या कोपऱ्यावरच्या फिलिपिनो मुलाच्या आईचं, पोराने माझ्यासमोर सही करून मागाहून आईकडून लिहून घेतलेलं.

"आणि सावलीबद्दल?" मी विचारलं. "शेजाऱ्यांच्या उन्हाबद्दल कुणी काही?"

"सावलीबद्दल... नाही. तसं कुणी काही नेमकं लिहिलं असतं तर बघावं लागतं. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी नऊ ते तीन शेजारच्या घराला किती ऊन मिळतं, ते तपासायचा नियमच आहे. पण तुमच्या पत्रात तसं काही नव्हतं. शान वगैरे होती."

मी फोन ठेवला. शिवणाचा डबा समोरच्या फडताळात होता. मी उठले नाही. दहावं पत्र तिथे आहे हे मला माहीत होतं, ते काढून बघायची काय गरज?

कुंपणाशी साल्वू वाट बघत होता.

"काय म्हणाले, मिसेस?"

तेव्हा सांगायला हवं होतं. इतकं सोपं होतं. साल्वू, माझी चूक झाली, तुमचं पान गेलंच नाही. अपील करता आलं असतं, आरडाओरडा करता आला असता, ग्लेनिसला हाताशी धरून काहीतरी. पण मी दुसरंच बोलले.

"सगळं वाचलं म्हणाले," मी म्हटलं. "विचार केला, पण मंजूर केलं."

"माझंपण वाचलं?"

"हो."

तो मान हलवत राहिला. "मग ठीक आहे," असं म्हणाला. ठीक काहीच नव्हतं, पण त्याच्या चेहऱ्यावर थोडं समाधान दिसलं मला, आणि त्याचीच मला जास्त चीड आली.

दोन वर्षं गेली. या जूनपर्यंत इमारत पंचवीस मजले चढली. सावली आमच्या अंगणात आधी सकाळी आली, मग दुपारी, मग जायचंच नाव घेईना. खुंट्या तशाच उभ्या होत्या, दिवसभर ओल्या. साल्वूने खुर्ची कुंपणाशी नेली, मग कोपऱ्यात, मग माझ्या अंगणात. माझ्याकडेही तेच. घराच्या पुढच्या बाजूला हिवाळ्यात ऊन कधीच नसतं. मग एक दिवस तो तिला चाकाच्या खुर्चीत घालून तीन गल्ल्या पलीकडे सुपरमार्केटच्या गाडीतळावर घेऊन गेला. तिथे ऊन होतं. ट्रॉल्या लावतात त्या लोखंडी कठड्याशी तो तिला घेऊन बसायचा, पाण्याची बाटली आणि वाडगं घेऊन. लोक ट्रॉल्या काढायला आले की खुर्ची सरकवायची. मी एकदा तिथे गेले होते अंडी आणायला. जूझाचं डोकं एका बाजूला कललेलं, आणि साल्वू गुडघे टेकून तिची बोटं पुसतोय. आठ दिवसांनी तिथल्या मॅनेजरने येऊन सांगितलं, बाबा, इथे गाड्या वळतात, काही झालं तर माझी नोकरी जाईल. उद्धट नव्हता तो. साल्वूनेच मला सांगितलं, चांगला मुलगा आहे म्हणून.

जुलैत तिच्या डाव्या तळव्यात पू झाला. मग ताप, मग इस्पितळ. दोन बोटं काढावी लागली. तिथून तिला परत घरी पाठवलं नाही, वृद्धाश्रमात पाठवलं. उजवा हात अजून मुठीतच आहे.

परवा साल्वू कुंपणाशी आला. मी कपडे वाळत घालत होते. कपडे आता दोन दिवस वाळत नाहीत, पण सवय.

"मिसेस, एक काम होतं. तिथली नर्स चांगली आहे. म्हणते, हात कसा उघडायचा ते सांगा, आम्ही करून बघू. त्यांच्याकडे एक खोली आहे, खिडकीत ऊन येतं. किती वेळ बसवायचं, कधी धुवायचं, ते लिहून द्या म्हणते."

"मग द्या की लिहून."

"माझ्या डोक्यात नाही राहिलं आता. ब्याऐंशी झाली. आणि दोन हिवाळे झाले ना, हात उघडलाच नाही धड." तो थांबला. "ते मी लिहिलं होतं ना नगरपालिकेला, त्यात होतं सगळं. तुम्ही नक्कल ठेवली असेल. तुम्ही सगळ्याची ठेवता."

मी काय करू शकले असते? हरवली म्हणाले असते तर त्याने तेही मानलं असतं. तो माझं सगळंच मानायचा. मी कपड्यांची टोपली खाली ठेवली, घरात गेले आणि रिळांखालून पान काढलं. दोन वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. लाल अक्षरं माझीच होती, वळणदार.

त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन मी ते टेबलावर ठेवलं.

साल्वूने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. पान उलटून मागची बाजू बघितली, परत सुलटं केलं.

"हे तर माझंच आहे," तो म्हणाला. "नक्कल नाही."

"नाही."

"म्हणजे गेलं नाही."

"नाही गेलं. मी पाठवलंच नाही, साल्वू. पाठवलं असतं तर दहा झाली असती. सुनावणी झाली असती. मी तुमच्याशी खोटं बोलले. मी..." मला रडू आलं, आणि माझ्या रडण्याचाच मला संताप आला.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं, मला तेच हवं होतं. त्याने बोट ठेवून माझा एक शब्द वाचला.

"खाजगी," तो म्हणाला. मग म्हणाला, "हे लाल निघतं का, मिसेस? नर्सला वाचता यायला हवं."

"निघेल," मी म्हटलं. "मी काढते. थांबा."

खोडरबर माझ्या पर्समध्ये असतंच. मी खुर्ची ओढली आणि बसून घासायला लागले. लाल पेन्सिल मेणाची. ती निघत नाही, पसरते. मी आणखी जोर दिला. वरची ओळ गुलाबी झाली, मग मळकट. मला वाटलं निघतंय. मी फुंकर मारली, भुगा झटकला, परत घासलं. घासता घासता माझ्या लक्षात आलं की लाल तसंच आहे आणि खालची शिसपेन्सिल चाललीय. त्याची अक्षरं. गुडघ्याची ओळ अर्धी गेली होती. हातांची ओळ पूर्ण गेली होती, फक्त तिच्याभोवतीचा माझा लाल गोल तेवढा शिल्लक होता.

"राहू द्या," साल्वू म्हणाला. "मिसेस, राहू द्या."

त्याने पान माझ्या हाताखालून हळूच काढून घेतलं. खिडकीशी नेलं. तिथेही उजेड नव्हता, त्याने दिवा लावला आणि कागद दिव्यासमोर धरून दाबलेल्या खुणा दिसतात का ते बघितलं.

"किती वाजताचं लिहिलं होतं?" त्याने विचारलं. "हात उघडतात ते? साडेदहा होते की अकरा?"

मी उठून दिव्याशी गेले, कागदावर वाकून बघितलं.

"तुम्ही वाचलं होतंत ना, मिसेस? पेन्सिल घेऊन वाचलं होतंत."

वाचलं होतं. शब्दन् शब्द वाचला होता, चूक कुठे आहे ते बघत. मी खूप आठवून पाहिलं. मला आठवलं नाही.